सात नंबरच्या खोलीतलं ऊन

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू म्हणशील की, खारूताईला कामाशिवाय आत्या आठवत नाही. अगदी खरं आहे. कामच आहे.

आमच्या शुश्रूषागृहात सात नंबरच्या खोलीत महिन्यापूर्वी एक आजी आल्या. मेंदूला छोटासा झटका येऊन गेलाय. हातपाय हलतात, पण इथली भाषा पार पुसली गेली. चाळीस वर्षं त्या इथल्या लोकांसारख्या बोलत होत्या म्हणे. आता राहिली आहे ती फक्त लहानपणची, आईच्या घरची. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलाय, कान जड झालेत आणि खिडकी नेमकी उशामागे. सकाळी जाग आली की जो दिसेल त्याचा हात धरून एकच वाक्य विचारतात. उत्तर मिळालं नाही की रडतात. मोठ्या सिस्टरना आधी वाटलं की शिव्या देताहेत. डॉक्टर म्हणाले, बरळणं आहे, लक्ष देऊ नका.

लक्ष कसं नाही देणार? त्यांनी जेवण सोडलंय. दिवसाला चार चमचे सूप, तेही माझ्यावर उपकार म्हणून. अशाने त्या फार दिवस काढणार नाहीत, हे डॉक्टरांनीच सांगितलं.

काल मी ते वाक्य ऐकू आलं तसं कागदावर उतरवलं : के तेंपो फा. लिहून झालं आणि एकदम तू आठवलीस. मी सहा-सात वर्षांची असेन. तू भांडी विसळताना नळाच्या आवाजावर आवाज चढवून असंच काहीतरी घोकायचीस आणि बाबा तुला चिडवायचे. तुझं इटालियन ते हेच का? असेल तर मला उत्तर शिकव. फोनवर नको, तिथे मला अर्धं ऐकू येतं आणि अर्धं मी विसरते.

ओटा पुसायचा राहिला असेल तर तो आधी पूस, मग उत्तर लिही. माया पूर्वीइतकीच ठेव.

तुझी,
खारूताई


८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

इटालियनच आहे. आज हवा कशी आहे, एवढंच विचारताहेत बिचाऱ्या. तुमच्या मोठ्या सिस्टरना सांग की शिव्याही मला येतात, पण त्या आमच्या वर्गात शेवटच्या धड्यात आहेत.

एकतीस वर्षं मी जहाज कंपनीच्या तिकीट-खिडकीवर बसले. काचेपलीकडचा माणूस कुठलाही असो, आधी तो हवेचं विचारतो आणि मग भाड्याचं. म्हणून माझ्या वर्गात पहिला धडा नमस्काराचा नाही, हवेचा असतो. सध्या सात विद्यार्थी आहेत. त्यांत एक सुतार आहे, एक निवृत्त पोस्टमन आहे आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणी आहेत. त्या आता एकमेकींशी फक्त इटालियनमध्ये बोलतात, तेही ढगांविषयी.

वर्गाचे नियम भाचीलाही लागू. एका वेळी एकच कार्ड. त्यावरचं वाक्य जिवंत माणसाशी बोलायचं, मागे तारीख लिहायची आणि कार्ड परत पाठवायचं. मगच पुढचं मिळेल. आणि सगळ्यांत मोठा नियम : आधी खिडकीबाहेर बघायचं, मग तोंड उघडायचं. जी हवा नाही तिचा धडा नाही. माझं धुक्याचं कार्ड तीन वर्षं पेटीतून बाहेर आलेलं नाही, कारण धुकं संध्याकाळी सहाला यायला तयार नाही.

सोबत पहिलं कार्ड आहे : चे इल सोले. म्हणजे ऊन आहे. आपल्याकडे बघ, सगळं पडतंच. ऊन पडतं, थंडी पडते, पाऊस पडतो, धुकंसुद्धा पडतं. एकटा वारा काय तो सुटतो. त्यांच्याकडे ऊन पडत नाही, ते 'आहे'. पाहुणा येऊन बसल्यासारखं. म्हणताना त्या पाहुण्याकडे बघून हसल्यासारखं म्हण.

त्या आजी आधी काय करत होत्या, ते कळव. माणसाचा धंदा कळला की शिकवणं सोपं जातं.

ओटा पुसलेला होता. आत्याचा धाक आणि आशीर्वाद, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी,
आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, काय सांगू तुला!

कार्ड दहाला मिळालं. त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. सात नंबरमध्ये गेले, आजींनी मनगट धरलं, विचारलं, आणि मी त्यांच्या कानाशी वाकून तुझा पाहुणा आत आणला. चे इल सोले. त्यांचा चेहरा असा उजळला की, मी मागे वळून बघितलं, कुणी दिवा लावला की काय. स्वतःहून उठून बसल्या. वाटीभर सूप घटाघटा प्यायल्या आणि वाटी माझ्या हातात देऊन कामाला लागल्या.

हो, कामाला. त्या धुलाईवाल्या होत्या. त्यांचा पुतण्या दर शुक्रवारी येतो, चष्मे दुरुस्त करतो तो, त्याने सांगितलं. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, रुमाल धुवायच्या. मागच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या. आता पांघरुणाची दोन टोकं धरून हवेत झटकतात, घडी सरळ करतात, ओठांत न दिसणारे चिमटे धरतात आणि एकेक काढून वर लावतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खोलीभर चादरी वाळत असतात.

तुला खोटं वाटेल, पण मी आता त्या खोलीत वाकून चालते. परवा औषधाचा ट्रे घेऊन सरळ गेले, तर आजींनी दोन्ही हातांनी खूण केली की खाली वाक, चादरीला ट्रे लागेल. तेव्हापासून दारातून आत गेलं की मान आपोआप खाली जाते. काल मोठ्या सिस्टर तपासणीला आल्या आणि टेबलापाशी त्याही किंचित वाकल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी बुटाची नाडी बांधल्याचं नाटक केलं. त्यांच्या बुटाला नाडी नाही. दुपारी कॉरिडॉरमध्ये कुणी नसलं की मला साबणाचा वास येतो. ओल्या कापडाचा गारवा गालाला लागून जातो. बाहेर आले की काही नाही.

कार्ड परत पाठवते आहे. मागे सहा तारखा आहेत, सहाही दिवस ऊन. पुढचं धाड.

शाबासकी लिहायला विसरू नकोस. आणि नेहमीची माया.

तुझी,
खारूताई


१८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

शाबास. दोऱ्यांचं मी वर्गात वाचून दाखवलं. सुतार म्हणाला की छताला दोन आकडे ठोकून द्यायला हवेत, खऱ्या दोऱ्या लावता येतील. त्या दोघी बहिणींनी एकाच वेळी डोळे पुसले आणि मग एकमेकींना तसं करताना पाहून रागावल्या.

पण एक सांग. तुझं पत्र आलं त्याच टपालाने तुझ्या बाबांचंही आलं. दादा लिहितो की अकरा तारखेपासून तिथे अवकाळी पावसाने उसंत घेतलेली नाही, गॅलरीत तीन बादल्या लावल्यात आणि छत्री वाळायला जागा नाही. तुम्ही दोघं एकाच गावात राहता ना? त्याच्या डोक्यावर पाऊस आणि तुझ्या कार्डावर सहा दिवस ऊन?

दादा असंही लिहितो की तू चार रविवार घरी फिरकलेली नाहीस. ज्या कोणाची ड्यूटी सुटते ती म्हणे खारूताई उचलते. असो. ते तुझं तू बघ.

दुसरं कार्ड सोबत आहे : चे वेंतो, वारा आहे. उन्हाचं काय झालं, ते मात्र नीट लिही. ओरडणार नाही असं वचन देत नाही, पण प्रेम ओरडण्याआधीही होतं आणि नंतरही राहील.

तुझी,
आत्या


२२ मार्च, रविवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पकडलंस. बाबांच्या बादल्यांनी घात केला.

दहा तारखेला ऊन होतं. अकरापासून पाऊस. पण आत्या, माझ्याजवळ एकच कार्ड होतं, तेही तुझ्याच नियमाने. गप्प बसता आलं असतं, पण आजींनी मनगट धरलं, तोंड वर केलं, आणि माझ्या तोंडून ऊन निघून गेलं. त्या हसल्या. बाराला पुन्हा तेच. मग मला सोडवेना. बाहेर धो धो चाललेलं असायचं आणि सात नंबरमध्ये रोज ऊन.

आता खरं सांगते. पहिल्या आठवड्यातलं ते हसू राहिलं नाही. ऊन म्हटलं की त्या उठतात, पण ओझं उचलायला उठावं तशा. जेवायला वेळ नाही. चमचा पुढे केला की मान हलवून पायथ्याकडे बोट दाखवतात, एवढा गठ्ठा अजून उरलाय. दुपारची झोप गेली. वजन दोन किलोने उतरलं. हात थांबतच नाहीत. गुरुवारी सलाइनची नळी दोरी समजून तिच्यावर रुमाल वाळत घातला, सुई निघाली, चादर रक्ताने भरली. त्या मात्र डाग बघून हळहळल्या, डाग पडला म्हणून.

मोठ्या सिस्टर वाईट नाहीत. त्या म्हणतात की पुन्हा सुई निघाली तर हातात टोचायला शीर उरणार नाही. पुढच्या शनिवारपर्यंत हात शांत झाले नाहीत, तर मऊ कापडी पट्ट्यांनी पलंगाला बांधायचे असं ठरलंय. पट्ट्या आणूनही ठेवल्यात, पांढऱ्या, सुती. आत्या, त्या माणसाचे हात बांधले तर उरेल काय तिच्यात?

तू म्हणशील, खरं सांगून टाक. माझी हिंमत होत नाही. एवढ्या सगळ्या चादरी दोरीवर असताना पाऊस आला म्हणून सांगू? तिच्याजवळ एक ऊन तेवढं आहे, तेही काढून घेऊ?

हवं तेवढं ओरड, पण लगेच उत्तर पाठव.

तुझी,
खारूताई


२४ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

स्पीड पोस्टने पाठवते आहे. वाऱ्याचं कार्ड परत यायच्या आत दुसरं पाठवतेय, म्हणजे माझा नियम मी मोडला. सत्तर वर्षांत एवढी मोकळीक मी कुणाला दिली नाही, ध्यानात ठेव.

खिडकीवर बसत होते तेव्हा एकदा एका बाईने मला विचारलं होतं की समुद्र कसा आहे. कडेवर मूल होतं आणि घाबरलेली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की शांत आहे. ती विश्वासाने उघड्या डेकवर जाऊन बसली. दोघं चिंब भिजून उतरली आणि मुलाला आठ दिवस ताप. परतीच्या तिकिटाला ती माझ्या खिडकीवर आली नाही. शेजारच्या रांगेत उभी राहिली. रांग लांब होती तरी.

तुझ्या आजींना दिसत नाही, म्हणून त्या तुला विचारतात. तू त्यांची खिडकी आहेस, बाई. खिडकीच खोटं बोलायला लागली तर माणसाने बघायचं कुठून? त्यांचं मन मोडेल की नाही, हे तू आधीच कसं ठरवलंस? चाळीस वर्षं त्यांनी पाऊस पाहिला नसेल होय?

कार्ड सोबत : प्योवे. एका शब्दात अख्खा पाऊस. कोण पडतं, कुठून पडतं, काही सांगायची गरज नाही. बाहेर बघ. पडत असेल तर सांग.

रागात लिहिलंय, पण पाकिटावर तिकीट प्रेमाने लावलंय.

तुझी,
आत्या


२७ मार्च, शुक्रवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज सकाळी कार्ड आलं. एप्रनच्या खिशात टाकलं आणि सात नंबरच्या दाराशी उभी राहिले. बाहेर पाऊस होता, बारीक, न थांबणारा. आत गेले, वाकून. आजी बसलेल्याच होत्या, डोळ्यांखाली काळं. मनगट धरून विचारलं. मग कानाशी गेले आणि म्हणाले, प्योवे.

वर गेलेले हात तिथेच थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. कितीतरी वेळ त्या छताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, मी मारलं हिला. आत्या, तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग त्यांनी हात खाली आणले. ओठांतले चिमटे एकेक करून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. सगळे. माझी मूठ मिटून दिली. कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि एक असा लांब सुस्कारा सोडला, जसं दुकानाचं शटर खाली येतं. दुसऱ्या मिनिटाला झोपल्या. चार वाजेपर्यंत. डॉक्टर दोनदा नाडी बघून गेले. मी मूठ मिटूनच काम करत होते. उघडायचं लक्षातच आलं नाही.

उठल्यावर दोन वाट्या सूप आणि पावाचा तुकडा. वर अजून काही आहे का, म्हणून माझ्या हातात चाचपून बघितलं.

संध्याकाळी पुतण्या आला. त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला की काकूला सुट्टी अशी कधी नव्हतीच. ऊन असेल तितके दिवस काम. रविवार नाही, सणवार नाही, आजारपण नाही. पाऊस आला की मात्र दुकानाची कडी आतून लागायची. काकू दुपारपर्यंत लोळायची, पत्ते खेळायची, याला कुशीत घेऊन पडायची. लहानपणी तो रोज पावसाची वाट बघायचा, कारण फक्त पावसातच काकू घरी असायची. मग त्याने हळूच विचारलं की तुम्ही तिला सलग सतरा दिवस ऊन दाखवलंत का?

आत्या, मी तिला सतरा दिवस राबवलं गं. हसतमुखाने.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या की एका दिवसाने काही ठरत नाही, पण पट्ट्या उद्या नकोत. आणखी आठवडा बघू.

आज तुझ्या पाया पडावंसं वाटतंय. लांबूनच पडते.

तुझी,
खारूताई


१ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पाया पडू नकोस. मी काही शहाणपणाने पाऊस धाडला नव्हता. तू मायेपोटी खोटं बोलत होतीस, मी नियमापोटी खरं बोलायला लावत होते. ती दमली असेल, हे ना तुला सुचलं ना मला. धुलाईवाली आहे हे कळल्यावरसुद्धा! धंदा कळला की शिकवणं सोपं जातं, असं मीच लिहिलं होतं ना? बघ, म्हातारीची मिजास.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. त्या बहिणींपैकी धाकटीने थोरलीला विचारलं की आई तरी पावसात कधी बसायची का. इटालियनमध्ये नाही, सरळ आपल्या भाषेत. थोरली म्हणाली, नाही. मग दोघी एकाच छत्रीतून गेल्या. छत्री कशाला, कोण जाणे, बाहेर कोरडं होतं.

आता तुझा पुढचा प्रश्न मला दिसतोय. आभाळ उघडलं की काय करायचं? पूर्वीसारखी असते तर ठासून लिहिलं असतं. आता एवढंच लिहिते की नियम माझा आहे, माणूस तुझ्यासमोर आहे. त्या मनगट धरतील तेव्हा काय सांगायचं, ते तू ठरव. आणखी दोन कार्डं पाठवते आहे, ढगांचं आणि गारव्याचं. धुक्याचंही टाकलंय. मला काय त्याचा उपयोग!

हातांचं काय ठरलं, ते कळव. वाट बघते आहे, आणि वाट बघणं हेच माझं प्रेम समज.

तुझी,
आत्या


१० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन तारखेला आभाळ उघडलं. खूप विचार केला आणि खरंच सांगितलं. ऊन आहे. त्या उठल्या, कामाला लागल्या. पण आता मी दिवसातून चार वेळा जाऊन सांगते. सकाळी ऊन, दहाला ढग, दुपारी वारा. वारा म्हटलं की त्या खळखळून हसतात आणि दोन्ही हातांनी दोऱ्या धरून ठेवतात, मलाही एक टोक धरायला लावतात. संध्याकाळी गारवा आला की आवरतात आणि जेवतात. इतकी खरी हवा बाहेर असते, आणि मी इतके दिवस एकच सांगत होते.

वजन सव्वा किलोने वाढलं. सुई मंगळवारी काढली, आता तिची गरजच नाही. हात बांधायचे नाहीत, असं मोठ्या सिस्टरनी फाइलमध्ये लाल पेनाने लिहिलं आणि खाली सही केली.

आजचं सांगते. दोघी जणी रजेवर, माझी सलग तिसरी दुहेरी ड्यूटी. सकाळी बगलेत धुतलेल्या चादरी, हातात थर्मामीटर, अशी धावत सात नंबरमध्ये शिरले. आजींनी मनगट धरलं, पण विचारलं काहीच नाही. माझं बोटन् बोट दाबून बघितलं. मग कोपर, मग खांदा. मला कोण समजल्या, ठाऊक नाही. हाताखालची पोर असेल, नाहीतर मीच. मग मला जवळ ओढून, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, प्योवे.

मी बाहेर बघितलं. डोळे दिपतील असं ऊन. मी सांगितलं तसं. त्यांनी मान हलवली आणि मंद विद्यार्थिनीला समजवावं तसं पुन्हा म्हणाल्या, प्योवे. बगलेतल्या चादरी काढून पायथ्याशी ठेवल्या. भिंतीकडे सरकल्या आणि पलंगावर थापटून जागा दाखवली.

बसले मी. काय करणार? मोठ्या सिस्टर दारातून डोकावल्या तशी उठायला लागले, तर आजींनी त्यांनाही सांगितलं की पाऊस पडतोय. मोठ्या सिस्टरना त्यातलं अक्षर कळत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

अर्धा तास होऊन गेला. आजी झोपल्यात, त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली आहे. कुणी हाक मारलेली नाही. कॉरिडॉरमध्येसुद्धा पाऊस असल्यासारखं शांत आहे. एरवी मी पत्र उभ्या उभ्या, औषधांच्या कपाटावर कागद ठेवून लिहिते. आज बसून लिहिते आहे, बघ, अक्षर किती सरळ आलंय.

आता लिहायचं थांबवते आणि थोडी आडवी होते. माया असू दे.

तुझी,
खारूताई